माय विशाखापट्टणमला आली

मी घर सोडलं त्या सकाळी माय बसजवळ आली नाही. कटंगीला जाणारी बस आमच्या गावच्या फाट्यावर थांबते. तिथं बाबा होते, काकू होती, शेजारच्या बाया होत्या. माय मात्र रस्त्यापासून लांब, धानाच्या बांधीच्या कडेला, पदर नाकाला लावून उभी होती. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना वाटलं असेल, पोरीसाठी रडते आहे. रडतही असेल. पण पदर लावला होता तो डिझेलच्या वासासाठी. मायला गाडी लागायची.

आणि साधी लागायची नाही. बस दिसली की तिच्या तोंडात ओकारीचं पाणी यायचं. माहेरच्या लग्नाला ती एकदा बसने तुमसरला गेलती, तर हळद लागली तेव्हाही झोपून आणि वरात निघाली तेव्हाही झोपून. त्यानंतर तिनं बस सोडली ती सोडलीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उघड्या हवेत, ती बसू शकायची. म्हणून तिचं जग ट्रॉली जाईल तेवढं होतं: कटंगीचा बाजार, नात्यातली दोन-चार गावं, आणि एकदा बालाघाटचा दवाखाना. मी बालाघाटला लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करत होते तेव्हा ती माझ्या खोलीवर कधी आली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणाला विहिरीची भीती असते, कुणाला सापाची, तशी मायला बसची, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाबा गोंदियापर्यंत सोबत आले. गाडीत बसवून दिल्यावर खिडकीशी उभं राहून म्हणाले, "पोहचली का फोन करजो. आणि जेवत जाजो." मग, "तुझी माय येणार नाही तिथं, हे तुले माहीत हाय ना?" मी म्हटलं, "हौ बाबा."

विशाखापट्टणमला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. वर्गातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून अर्ज केला होता. नकाशात ते गाव कुठं आहे तेही मी नंतर बघितलं.

पहिलं वर्ष कसं गेलं ते माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना सांगायला नको. मी शाळा हिंदीत शिकलेली, घरी बोलायची आमची मराठी, आणि आता कानावर दिवसभर तेलुगू. लॅबमध्ये एक पुण्याची मुलगी होती. तिला भेटल्यावर मला वाटलं, चला, आपल्या भाषेत बोलू. मी म्हटलं, "मी जेवून येतो." ती हसायला लागली. आमच्याकडे बायाही 'येतो', 'जातो'च म्हणतात, हे तिला कुठून माहीत असणार? त्या दिवशी कळलं की माझी मराठीसुद्धा मागे राहिली आहे, आमच्या फाट्यावर. नंतर मी पुण्यासारखी मराठी शिकले, कामापुरती तेलुगू शिकले, आणि गावच्या बोलीसाठी रोज संध्याकाळी मायला फोन लावत राहिले.

पुढं लग्नही तिथल्याच माणसाशी झालं. तिथला म्हणजे आपलाच, आमच्या जिल्ह्यातला. दिलीप लालबर्‍याचे. बंदरात क्रेन चालवतात. जहाजातून उतरवलेल्या पेट्या रचणं हे त्यांचं काम. आम्ही जुन्या शहरात, बंदराच्या मागच्या गल्लीत घर घेतलं. घर लहान आहे, पण गल्लीच्या टोकाशी उभं राहिलं की पाण्याची वाट दिसते आणि तिच्यातून जहाजं आत-बाहेर करताना दिसतात.

मला दिवस गेले तेव्हा ठरलं होतं ते सगळ्यांसारखंच: पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात जायचं, तिकीटही काढलं होतं. मायनं डिंक आणून ठेवला होता. गोधडी शिवून झाली होती. आणि मग तपासणीत डॉक्टरबाईंनी सांगितलं की बाळाची वार खाली आहे. प्रवास बंद. पलंगावरून उठायचं ते फक्त गरजेपुरतं. रक्त जायला लागलं तर ताबडतोब दवाखान्यात.

मी लॅबमध्ये काम करणारी. याचा अर्थ मला नीट समजत होता. तरी दवाखान्यातून घरी येईपर्यंत मला सगळ्यात जास्त आठवत होती ती गोधडी.

संध्याकाळी मायला फोन केला. "माय, मी येत नाही वो आता."

"काहून?"

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग तुझ्यापाशी कोण राहीन?"

"दिलीप आहेत ना."

"तो क्रेन चालवन का तुले पेज करून देईन?" आणि मग, कुणी बाजाराला निघाल्यासारखं सांगावं तसं, "मी येतो."

मला हसू आलं आणि रडूही. मागून बाबांचा आवाज ऐकू आला. त्या पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून घसरून त्यांचा पाय मोडला होता, प्लास्टर घालून ते खाटेवर होते. "अवो, तुले तुमसर जमत नाही, समुद्रापर्यंत का जाशीन? आणि मी येऊ शकत नाही तुझ्यासंगं."

"तुम्ही चूप राहा," माय म्हणाली. "पाय टांगून ठेवला ना, तसं तोंडही टांगून ठेवा."

आणायला कुणी जाऊ शकत नव्हतं. दिलीप गेले असते तर मी एकटी राहिले असते. मी एकुलती, त्यामुळे भाऊ-बहिणीचा प्रश्नच नव्हता. बाबांचं जेवणखाण काकूनं अंगावर घेतलं. आणि ज्या बाईनं एकटीनं कधी तालुका ओलांडला नव्हता, जिला अक्षर वाचता येत नाही, ती विशाखापट्टणमला निघाली.

बाबांनी खाटेवरूनच तिला प्रवास शिकवला. कटंगीहून रेल्वे आहे, म्हणजे बसमध्ये बसायची गरज नाही. गोंदियाला उतरायचं, तिथून रायपूर, रायपूरहून मोठी गाडी. "वाट विचारायची ते बाईमाणसाले नाही त पोलिसाले. कोणी म्हणलं 'मी सोडून देतो', तर जायचं नाही." माझा नंबर त्यांनी कागदावर लिहून तिच्या पदराच्या गाठीत बांधून दिला. गावाचं नाव ते तिच्याकडून घोकून घेत. तिच्या तोंडी ते 'इसाकापटनम' व्हायचं. बाबा म्हणत, "तेवढं पुरे. लोक समजून घेतीन."

निघायच्या आदल्या दिवसापासून तिनं काही खाल्लं नाही. पोटात काही नसलं तर उलटी कशाची होईल, हा तिचा हिशोब. हातात ताज्या सांबाराची जुडी घेतली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो वास तिला बरा वाटायचा. काकूनं तिला कटंगीच्या स्टेशनवर खिडकीशी बसवून दिलं.

गोंदियाहून तिचा पहिला फोन आला. मी पलंगावर पडून, फोन छातीशी धरून वाट बघत होते.

"माय, कशी आहेस? लागली का गाडी?"

"नाही वो," तिच्या आवाजात आश्चर्य होतं. "हे आगगाडी लागत नाही. हे त आपल्या ट्रॉलीवाणी आहे, वारा येऊन राह्यला. मी जन्मभर उगाच भेली."

एवढी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की तिला जमत नाही. रेल्वे कटंगीला येऊनही किती वर्षं झाली होती, पण तिला तीत बसवून बघावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

रायपूरहूनही तिनं फोन केला. एका जांजगीरच्या बाईनं तिला योग्य डब्यात आणून बसवलं होतं. "सगळ्यायले सांगितलं मी," माय म्हणाली. "पोरीच्या बाळंतपणाले जाऊन राह्यलो म्हणून. आता डब्यात सगळ्यायले माहीत हाय." त्यानंतर मात्र तिचा फोन बंद झाला. बॅटरी उतरली असणार, असं दिलीप म्हणाले. बाबा गावाहून मला फोन करत होते, मी त्यांना. दोघंही एकमेकांना 'काळजी करू नका' म्हणत होतो, आणि दोघंही करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीप स्टेशनवर गेले. गाडी आली. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला आणि त्यांच्या पहिल्या श्वासावरूनच मला कळलं. "माय डब्यात नाहीत. सीट रिकामी आहे. शेजारचे म्हणतात, मागच्याच मोठ्या स्टेशनवर उतरल्या."

मी उठून बसले. उठायचं नव्हतं, तरी बसले. एक हात पोटावर, एका हातात फोन. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणी तरी तेलुगूत 'हॅलो, हॅलो' म्हणालं, आणि मग मायचा आवाज.

"मी हावो."

"कुठं आहेस?"

"विजेनगरम म्हणतात इथं. लोक उतरून राह्यले होते, गावाच्या नावात पुढं 'वि' न् मागं 'म' ऐकलं, मले वाटलं आलंच." ती अजिबात घाबरलेली वाटत नव्हती. "इथं फुलं विकते एक बाई, तिचा फोन हाय. थोडी हिंदी बोलते, चांगली हाय बिचारी. मले चहा पाजला."

विजयनगरम म्हणजे आमच्या अलीकडचं जिल्ह्याचं गाव. मी म्हटलं, "तिथंच बस. हलू नको. दिलीप घ्यायला येतील."

"तो इकडे आला त तुझ्यापाशी कोण? ही बाई म्हणते, बस हाय सीधी. ती बसवून देते म्हणते."

"माय, बस नको. पुढची रेल्वे येईल तोवर थांब. तुले गाडी लागन."

"लागू दे," माय म्हणाली, आणि फोन त्या बाईला परत दिला.

त्या बस-प्रवासाबद्दल मायनं नंतरही फारसं सांगितलं नाही. जे कळलं ते असं. फूलवालीनं तिला पुढच्या दाराजवळच्या सीटवर बसवलं आणि कंडक्टरला सगळं समजावून सांगितलं. सांबाराची जुडी एव्हाना वाळून गेली होती, म्हणून तिनं मोगऱ्याचा गजरा मायच्या हातात दिला आणि नाकाशी धरायची खूण केली. पोटात एका चहाशिवाय काही नव्हतं, तरी माय सगळी वाट ओकत आली. कंडक्टरनं दोनदा बस बाजूला घेऊन तिला चूळ भरू दिली. बसमधल्या कुणीच कुरकुर केली नाही, हे तिनं अगदी आठवणीनं सांगितलं.

दिलीप बस स्टँडवर पोचले तेव्हा माय बसच्या सावलीत जमिनीवर बसली होती. तोंड धुतलेलं, डोक्यावर पदर, एका हातात पिशवी, एका हातात गजरा. दिलीपनी ऑटो बोलावला. ती म्हणाली, "नाही जावाईबापू. आता पायानं."

"खूप दूर आहे माय."

"चालत त येईन ना तिथं?"

आणि दोघं चालत निघाले. थांबत, बसत, पुन्हा चालत, शहराच्या मधून. दिलीपच्या डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा आणि मायच्या काखेत गोधडी. आमच्या गल्लीच्या अलीकडच्या वळणावर आले तेव्हा एक मालवाहू जहाज आत येत होतं. रस्त्याच्या टोकाला घरांच्या वर त्याची लोखंडी भिंत हळूहळू सरकताना दिसते, तशी दिसली. पहिल्यांदा बघणारे तिथं फोटो काढतात. माय पिशवी खाली ठेवून उभी राहिली, शेवटपर्यंत पाहिलं, आणि दिलीपना विचारलं, "याले आतमध्ये जागा नाही. मंग वळवतेत कसं?"

दिलीप म्हणतात, बंदरात इतकी वर्षं काम करतो, पण पाहुण्यांपैकी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लहान बोटी दोन बाजूंनी ढकलून वळवतात, हे त्यांनी तिला घरापर्यंत समजावून सांगितलं.

दारात आल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, पण जवळ आली नाही. आधी हात-पाय धुतले, लुगडं बदललं. मग माझ्या पलंगाजवळ खाली फरशीवर बसली, तशीच आडवी झाली आणि पलंगाचा पाय हातानं धरला.

"खाट हालून राह्यली का वो?"

"नाही माय."

"मंग मीच हालून राह्यलो," ती म्हणाली आणि झोपली. मी तिच्याकडे बघत पडून राहिले. तो गजरा तिच्या उशाशी होता.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हे मी आता म्हणते, तेव्हा भीतीच जास्त होती. मायनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. शेजारच्या पार्वतम्माशी तिची पहिल्याच आठवड्यात ओळख झाली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला तेलुगू येत नाही. तिसऱ्या दिवशी माय तिच्या दारात जाऊन म्हणाली, "थोडा सांबार देता का?" पार्वतम्मा आनंदानं आत गेली आणि वाफाळत्या सांबाराचं पातेलंच घेऊन आली. माय ते घेऊन माझ्यापुढं उभी. "मी भाजीवर टाकाले मागितला, हिनं वरण दिलं." मला हसताना पोट धरावं लागलं, आणि डॉक्टरांनी हसण्याला बंदी केली नव्हती. तेव्हापासून पार्वतम्मा सकाळी हाक मारायची, "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. माय इकडून ओरडायची, "तिन्ना, तिन्ना!"

एका दुपारी रक्त गेलं. फार गेलं. दिलीप कामावर होते. मायनं पार्वतम्माला हाक मारली, पार्वतम्माच्या मुलीनं अँब्युलन्स बोलावली. माय माझ्याबरोबर आत चढली. बंद दारं, औषधाचा वास, सायरन. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत एकच वाक्य म्हणत राहिली, "मी हावो, मी हावो." तिला त्या गाडीत मळमळलं का, हे मी नंतर विचारलं. तिला आठवतच नव्हतं.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वेळेच्या आधी आणि लहानशी. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. माय काचेबाहेर तासन्‌तास उभी राहायची. नर्स म्हणायच्या, अम्मा, कूर्चोंडी, बसा. ती म्हणायची, "ती झोपून हाय, मी बसून का करू?" मुलगी वाचली, वाढली, घरी आली. मायनं तिला त्या गोधडीत घेतलं.

आणि मग एके दिवशी लक्षात आलं की इतके दिवस समुद्राच्या गावात राहून मायनं समुद्र पाहिलाच नव्हता. माझ्याजवळून ती हललीच नव्हती. पार्वतम्मा तिला संध्याकाळी किनाऱ्यावर घेऊन गेली. परत आल्यावर मी उत्सुकतेनं विचारलं, "कसा वाटला?"

"लय पाणी हाय," माय पाय पुसत म्हणाली. "पण धानाले देता येत नाही." मग थोड्या वेळानं, बाळाला थोपटताना, "उद्या पुन्हा जातो. चांगलं वाटते तिथं उभं राह्यल्यावर." आणि ती रोज जायला लागली.

बाबांचा पाय बरा झाल्यावर ते तिला न्यायला आले. वाट तीच, पण निघायच्या आदल्या दिवशी ती समजावून सांगत होती माय. गाडीत कोणत्या बाजूला बसलं की डोंगर दिसतो, बोगदे कुठं येतात, ते तीच त्यांना सांगत होती. बाबा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते.

तुम्ही गावात राहिलेले लोक आम्हाला विचारता, तिकडे करमते का? आम्ही म्हणतो, हौ, करमते. मी बरीच वर्षं असं मानत होते की घर एकच असतं, ते मागे राहिलं, आणि इथं आपण फक्त राहतो. आता माझी मुलगी पार्वतम्माशी तेलुगूत भांडते, दिलीपशी हिंदीत, आणि आजीशी फोनवर 'मी येतो' म्हणते. मी तिला दुरुस्त करत नाही. पुण्यासारखी मराठी तिला पुढं शिकता येईल.

मागच्या दिवाळीत आम्ही गावी गेलो होतो. मायबरोबर कटंगीच्या बाजाराला गेले. भाजीच्या दुकानापाशी लालबर्‍याकडची एक बाई भेटली. तिच्या मुलीला विशाखापट्टणमला नर्सची नोकरी लागली होती, आणि बाई घाबरली होती. एवढ्या दूर पोरीला पाठवायचं कसं, आणि काही झालं तर आपण जायचं कसं?

माय हातातली वांगी खाली ठेवून तिच्याकडे वळली. "का घाबरून राह्यली? लय सोपं हाय. इथून गाडीत बस, गोंदियाले उतर. मंग रायपूर. मंग मोठी गाडी. 'वि' न् 'म' ऐकलं का लगेच उतरू नको, ते पहिलं विजेनगरम असते. दुसरं 'वि' न् 'म' येईन तिथं उतर. मंग विचारत विचारत बंदराकडे चालत जाय. रस्त्याच्या शेवटी जहाज दिसन. त्याच्या अलीकडच्या गल्लीत माझं घर हाय."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. "तुमचं घर? तिथं?"

"हौ," माय म्हणाली, आणि वांगी पुन्हा निवडायला लागली. "पोरीले सांगजो, येत जाय म्हणा जेवाले."